हातास मानवेल तें

मनुष्यानें यंत्राशीं जुळवून घ्यावें कीं यंत्रानें मनुष्याशीं, हा प्रश्न आम्हांस पुस्तकांत नव्हे, पसरणीच्या घाटांत पडला. मोटारसायकलीवरून लांबचे प्रवास करण्याचा छंद आम्हांस पुष्कळ वर्षांचा आहे. पुण्याहून निघावें आणि वाई, महाबळेश्वर करीत आंबेनळी घाटानें पोलादपुरास उतरावें, हा आमचा आवडता मार्ग. परंतु अलीकडे वाई मागें पडते न पडते तोंच करंगळी व अनामिका बधिर होऊं लागल्या. आणि उतारावर ब्रेक दाबणारा हातच बधिर असणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. स्नेही म्हणाले, "वय झालें, आतां चारचाकी घ्या." सल्ला प्रेमाचा होता, पण मनास फार लागला.

डॉक्टरांनीं निराळेंच कारण सांगितलें. या बोटांची संवेदना वाहणारा मज्जातंतु मनगटाशीं, करंगळीच्या बाजूनें तळहातांत शिरतो. हॅण्डल दूर व खालीं असलें म्हणजे धडाचा भार तळव्यांवर येतो, मनगट मुडपतें आणि तो तंतु चेंगरतो. त्यांत इंजिनाच्या कंपाची भर. म्हणजे वयाइतकाच दोष अंतराकडेही होता!

तेव्हां दीड इंच उंच व इंचभर आपल्याकडे वळलेलें हॅण्डल आणलें. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हॅण्डल बसवणं सोपं, वायरी पुरल्या पाहिजेत." तसेंच झालें. 22 मिलिमीटरची नळी पकडींत चटकन् बसली, पण क्लचची वायर तोकडी पडली, ती लांब घ्यावी लागली. मग हॅण्डल दोन्ही टोकांस वळवून ब्रेकची नळी ताणत नाहीं ना, आणि वळतांना इंजिन आपोआप वेग घेत नाहीं ना, हें त्यानें पाहिलें. सुखाच्या पायीं ब्रेक गमावणें हा कसला आराम?

आतां बोटें जागीं असतात. मात्र ताठ बसल्यामुळें वारा छातीवर येतो, आणि हातांनीं टाकलेलें ओझें कमरेनें उचललें आहे. भार नाहींसा होत नाहीं. त्याची वांटणी तेवढी बदलते. पण या वांटणीनेंच आमचा घाट आमच्यापाशीं राहिला. घरांतील वडील माणसांस "आतां हें सोडा" असें सांगण्यापूर्वीं, त्यांच्या हातांतील वस्तु इंचभर जवळ आणून पाहण्यास काय हरकत आहे?