सर्व्हरची जागल

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हरभऱ्याच्या दिवसांत रात्री शेतात जागल करावी लागते. रोही आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत. मी खामगावात बसून वेब होस्टिंगचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. काम जवळपास तेच.

या सर्व्हरवर ‘सीएसएफ’ ही फायरवॉल असते. तिच्यासोबतचा ‘एलएफडी’ हा प्रोग्राम लॉग वाचत राहतो आणि पुन्हापुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्या आयपी पत्त्याची वाट अडवतो. एका सर्व्हरवर कृषी केंद्र, शाळा, दवाखाना असे अनेक भाडेकरू असतात. एकाचा पासवर्ड फुटून त्याच्या ईमेलवरून रात्रभर स्पॅम गेला, की अख्खा सर्व्हर काळ्या यादीत जातो. मग शाळेचं साधं पत्रही पोचत नाही.

सीएसएफ फुकट मिळायची, त्यामुळे ती कोण सांभाळतं हे फारसं कुणी विचारलं नाही. ती बनवणारी ब्रिटनमधली ‘वे टू द वेब’ ही कंपनी ३१ ऑगस्ट २०२५ला कायमची बंद झाली. जाताना त्यांनी कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. बसवलेली फायरवॉल चालूच राहिली, पण अपडेट येण्याचं ठिकाण गेलं. मी प्रत्येक सर्व्हरवर आपोआप अपडेट घेण्याची सेटिंग बंद केली. तो जुना पत्ता उद्या भलत्याच्या हाती गेला, तर अपडेट म्हणून काय येईल याचा नेम नाही.

कोड खुला असला तरी तो कुणीतरी वाचावा लागतो. एलएफडी पर्ल भाषेत लिहिलेला आहे. मी पर्ल शिकायला घेतली आहे.