मागे राहिलेल्यांसाठी

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र साधारणपणे इ. स. ५० च्या आसपासचे मानले जाते. नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या अखेरीस पाच-सहा वचने आहेत. जगाच्या अंतापूर्वी खऱ्या श्रद्धावंतांना जिवंतपणीच आकाशात उचलून घेतले जाईल आणि उरलेले जग महासंकटाच्या हवाली होईल, ही जी कल्पना आज ‘रॅप्चर’ या नावाने ओळखली जाते, तिचा मुख्य आधार ही वचने होत. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती एकदा तरी वाचावीत असे मला वाटते, आणि त्याचे कारण धार्मिक नाही. एखाद्या मजकुराचा हेतू आणि त्याचे पुढचे आयुष्य यांत केवढे अंतर पडू शकते, याचे इतके ठळक उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

कारण हे मुळात सांत्वनाचे पत्र आहे. थेस्सलनीकाची मंडळी येशूच्या पुनरागमनाची वाट पाहत होती. वाट पाहता पाहता त्यांच्यातली काही माणसे मरण पावली, आणि जे उरले त्यांना प्रश्न पडला की, गेलेल्यांचे आता काय? तो दिवस उजाडेल तेव्हा ते त्याला मुकणार का? पौलाचे उत्तर या प्रश्नाला आहे. तो सांगतो की, मेलेले आधी उठतील. नंतर जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत घेतले जातील आणि अंतराळात प्रभूला सामोरे जातील. या शब्दांनी एकमेकांना धीर द्यावा, असे सांगून तो विषय संपवतो. माझ्या दृष्टीने या साऱ्यात महत्त्वाचा शब्द आहे तो ‘त्यांच्यासह’. कोणीही मागे राहणार नाही, हे सांगण्यासाठी हा मजकूर लिहिला गेला.

त्यातील दोन ग्रीक शब्दांकडे मात्र लक्ष द्यावे लागते. पहिले क्रियापद ‘हार्पाझो’, म्हणजे झपकन उचलून किंवा हिसकावून नेणे. लॅटिन भाषांतरात त्यासाठी जे क्रियापद आले, त्याच्याच कुळातून पुढे इंग्रजीतला ‘रॅप्चर’ हा शब्द निघाला. दुसरा शब्द ‘अपान्तेसिस’, म्हणजे सामोरे जाणे. पौल रोमजवळ पोचला तेव्हा तिथले बंधू शहराबाहेर दूरवर येऊन त्याला भेटले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे, आणि तिथे हाच शब्द येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींना वराला भेटायला बोलावले जाते, तेव्हाही हाच. मराठी वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागू नये. आपण पाहुण्याला सामोरे जातो ते त्याच्याबरोबर निघून जाण्यासाठी नव्हे, त्याला मानाने घरी आणण्यासाठी. जॉन क्रिसोस्टम या प्राचीन धर्मोपदेशकानेही या वचनांवर बोलताना नगरात येणाऱ्या राजाचाच दृष्टान्त दिला आहे. अभ्यासकांत याबद्दल मतभेद आहेत, हे खरे. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, पुढच्या इतिहासात पहिल्या शब्दाने दुसऱ्याला झाकून टाकले.

हे घडवण्यात मोठा वाटा जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) याचा. आयर्लंडच्या चर्चमधून बाहेर पडून तो ‘प्लिमथ ब्रदरन’ या पंथाचा अग्रणी झाला. १८३० च्या दशकात त्याने पुनरागमनाचे दोन टप्पे कल्पिले. आधी ख्रिस्त गुप्तपणे येऊन आपल्या लोकांना नेईल, मग पृथ्वीवर महासंकटाचा काळ येईल, आणि त्यानंतर तो उघडपणे परतेल. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट परंपरांनी ही मांडणी स्वीकारलेली नाही. अमेरिकेत मात्र ती रुजली. सायरस स्कोफील्ड याच्या टीपांसह बायबलची आवृत्ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने १९०९ साली काढली, तीत ही मांडणी मूळ वचनांच्याच पानावर, खाली छापलेली होती. संहिता आणि टीप एकाच पानावर आली की, पिढी-दोन पिढ्यांत वाचक टीपेलाच संहिता समजू लागतो. आपल्या वर्गांतही गाइडांनी हेच केले आहे.

पुढचे काम कथेने केले. १९७२ च्या ‘अ थीफ इन द नाइट’ या चित्रपटात एक तरुणी झोपेतून उठते, तर नवरा नाहीसा झालेला असतो आणि त्याचा विजेवरचा वस्तरा न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये नुसताच घुरघुरत असतो. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ (१९९५) या कादंबरीत उडत्या विमानातले कितीतरी प्रवासी एकाएकी दिसेनासे होतात; आसनांवर उरतात ते त्यांचे कपडे. विमानाचा चालक घरी पोचतो तेव्हा बायको आणि मुलगा दोघेही गेलेले असतात. या मालिकेची २००७ पर्यंत सोळा पुस्तके निघाली आणि तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. वाङ्मयीन दृष्ट्या त्यांत घेण्यासारखे फार थोडे आहे. पात्रे मते मांडण्यापुरती उभी राहतात आणि घटना वेळापत्रकाप्रमाणे येतात. तरीही ती सुरुवातीची पाने मला हसण्यावारी नेता आली नाहीत.

त्याचे कारण सांगायचे तर दोन मरणांविषयी लिहावे लागेल. काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी मैत्रिणीची आई वारली. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, हे कुटुंब चार पिढ्या ख्रिस्ती. दफनाच्या वेळी पाळकांनी हीच वचने वाचली. वाचताना त्यांचा सूर एखाद्याच्या पाठीवर हात ठेवावा तसा होता. मैत्रिणीचा थोरला भाऊ अमेरिकेत असतो. त्याला येता आले नव्हते. तिथे तो ज्या मंडळीत जातो तिथे रॅप्चरची शिकवण पक्की आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला. आईची मला चिंता नाही, तो म्हणाला, पण बाबांचे काय? बाबा नाताळापलीकडे चर्चची पायरी चढत नसत. तो दिवस कधीही येऊ शकतो, हे सांगताना तो रडत होता. त्याची भीती मायेतून आलेली होती, हे आम्हा सर्वांना कळत होते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे, मी मागे राहिलोच आहे की. अजून काय राहायचंय?”

एकच वचन सकाळी सांत्वन होऊन आले आणि संध्याकाळी धास्ती होऊन.

दुसरे मरण माझ्या वडिलांचे, एप्रिल २०२१ मधले. रुग्णालयात त्यांच्याजवळ कोणालाच थांबता आले नाही. घरी त्यांचा चष्मा अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यावर पडून होता आणि कित्येक दिवस तो उचलण्याचा धीर आम्हाला झाला नाही. ख्रिस्ती नसूनही मला त्या काळात बेसिनमधला तो वस्तरा वारंवार आठवला. रॅप्चरच्या कथांचे बळ भाकितात नसून इथे आहे, असे मला तेव्हापासून वाटते. त्या जगबुडीचे चित्र रंगवतात खऱ्या, पण वाचकाला त्यात ओळखीचे दिसते ते घरातले मरण. फरक इतकाच की, मागे राहणे ही प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारी गोष्ट, आणि या कथा तिला अपराधाची शिक्षा ठरवतात.

फ्रँक करमोड यांनी ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ (१९६७) या ग्रंथात दाखवले आहे की, काळाच्या मध्येच जन्मून मध्येच मरणारा माणूस आपल्या आयुष्याला अर्थ यावा म्हणून शेवटाची कल्पना करतो, आणि भाकित चुकले तरी ती कल्पना मोडत नाही. तारीख तेवढी पुढे सरकते. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली. हॅरल्ड कॅम्पिंग याने २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला होता, तो टळल्यावर त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर सांगितला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेले असेच एक भाकीत समाजमाध्यमांवर जगभर फिरले. दर वेळी हसणारे हसतात. पण त्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जी माणसे आपल्याच घरात जागी झाली असतील, त्यांच्याशी कोणी काय बोलले असेल, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत शेवटची ओळ ठरलेली असते, ‘त्यांच्या पश्चात’ अशी सुरू होणारी. तिच्यात गेलेल्याचा हिशेब नसतो. पत्नी, मुले, सुना, नातवंडे अशी उरलेल्यांची मोजदाद असते. थेस्सलनीकाचे पत्र मला या ओळीच्या जवळचे वाटते. त्यात पौल त्या लोकांना स्वस्थपणे राहायला, आपल्या हातांनी काम करायला सांगतो. काळ-वेळेविषयी तुम्हाला काही लिहिण्याची गरज नाही, असेही कळवतो. ज्यांना उद्या सकाळी उठून पुन्हा कामाला लागायचे आहे, अशा माणसांना ते लिहिलेले आहे.