तिठ्यापासून तिट्ट्यापर्यंत

देवगड-निपाणी राज्यमार्ग कोणत्याही राजधानीस जात नाही. एका टोकास हापूस, दुसऱ्या टोकास तंबाखू. मध्ये फोंडा घाट. पण माझ्या आईचे माहेर एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आमच्या घरात 'रस्ता' म्हटले की हाच.

गेल्या वैशाखात तिला घेऊन देवगडास गेलो होतो. कारण आनंदाचे नव्हते. मामांच्या मागे घराची व कलमांची वाटणी निघाली होती आणि तिला हक्कसोड पत्रावर सही करायची होती. सही करताना तिचा हात अडखळला नाही. चष्मा मात्र तिने दोनदा पुसला.

परतताना जामसंडे, शिरगाव मागे टाकून नांदगावच्या तिठ्यावर आलो. येथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडावा लागतो. तीन वाटांच्या या जागेस कोकणात 'तिठा' म्हणतात. घाट चढून वर गेले की तोच शब्द 'तिट्टा' होतो. (मराठीच्या मास्तराला प्रवासातही दुसरे सुचत नाही, हे वाचकांनी क्षम्य मानावे.) वाटेत कोणत्या वळणावर 'ठ'चा 'ट्ट' होतो, ते मला अद्याप सापडलेले नाही.

फोंड्यानंतर चढ लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली की दोन्हीकडची माणसे अडकून पडतात. माथ्यावर दाजीपूरचे जंगल. गव्यांसाठी १९५८ साली येथे अभयारण्य झाले. पुढे भोगावतीवरचे राधानगरी धरण. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हाती घेतले, पैशाअभावी काम रखडले आणि १९५७ साली पुरे झाले. तेथले सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. लहानपणी मला वाटे, आत कोणी माणूस बसलेला असणार.

मग उसाचा मुलूख: सरवडे, बिद्रीचा साखर कारखाना, मुदाळतिट्टा, मुरगूड. शेवटी निपाणी. भाषेने मराठी, पण १९५६च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलेली, म्हणजे आजच्या कर्नाटकात. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी येथेच पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. आईने तेव्हा भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, हे ती आजही अभिमानाने सांगते.

घाटमाथ्यावर ती म्हणाली, "जरा थांबय रे गाडी." उतरून कठड्याशी उभी राहिली. खाली सगळे धुरकट होते. दिसण्यासारखे काही नव्हते. लग्नानंतर ह्याच घाटातून एस. टी.ने पहिल्यांदा वर आली तेव्हा पदरात आवळे बांधले होते, तरी उलटी झालीच, एवढेच तिने सांगितले.

एरवी दाजीपूर आले की आईची बोली पालटते. राधानगरीच्या चहापर्यंत ती पक्की निपाणीकरीण झालेली असते. त्या दिवशी मात्र घराचे कुलूप काढीपर्यंत ती मालवणीतच बोलत होती, आणि मीही तिला मला येते तशा मोडक्या मालवणीत उत्तरे देत होतो.