आधी वही, मग मैदान

एर्नी बार्न्सच्या चित्रांतली माणसं नुसती उभी राहत नाहीत. हात लांबतात, कंबर वळते, मान मागे झुकते, सगळ्या अंगाचा भार एका पायावर उतरतो. आणि डोळे मिटलेले. ‘शुगर शॅक’मधल्या नाचणाऱ्यांचा घाम मला जाणवतो. गायक मार्विन गेच्या 1976च्या अल्बमवर हे चित्र झळकलं. त्याचीच एक आवृत्ती 2022 साली दीड कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ही अंगं ज्याने रंगवली, तो 1960 ते 1964 अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता. लाइनमन. म्हणजे समोरून चाल करून येणारा धिप्पाड गडी अंगानेच थोपवायचा, पुन्हा पुन्हा, सामनाभर.

मैदान सुटल्यावर त्याने कुंचला हाती घेतला, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. 1938 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये जन्मलेला हा मुलगा लाजाळू आणि स्थूल होता. शाळेत मुलं छळायची, म्हणून तो आडोशाला वही घेऊन चित्रं काढत बसायचा. तिथेच एका शिक्षकाने त्याला गाठलं आणि व्यायामाला लावलं. हायस्कूल संपेस्तोवर तो फुटबॉल संघाचा कर्णधार झाला होता. पुढे कॉलेजात एड विल्सन या शिल्पकार शिक्षकाने त्याला सांगितलं, की खेळताना आपल्या शरीरात काय घडतंय तिकडे लक्ष दे. एखाद्या गुरूने याहून मोलाचं काय द्यावं! इतर चित्रकार मॉडेल समोर बसवून शरीर शिकतात. बार्न्स ते धडका खात, आतून शिकला.

हे सोपं नव्हतं. डेन्व्हरच्या संघात असताना बैठकीत रेखाटनं केल्याबद्दल त्याला दंड व्हायचा. त्याआधी, विद्यार्थी असताना, राज्याच्या कलासंग्रहालयात कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं कुठे आहेत असं त्याने विचारलं, तेव्हा तुमचे लोक अशा रीतीने व्यक्त होत नाहीत, असं उत्तर मिळालं होतं. ते ऐकूनही तो काढत राहिला, याचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. 1979मध्ये त्याच संग्रहालयात त्याचं एकल प्रदर्शन भरलं.

1965मध्ये पाय मोडला आणि खेळ संपला. न्यूयॉर्क जेट्स संघाचे मालक सनी वर्बलिन यांनी त्याला खेळाडूसारखा पगार देऊ केला, काम एकच: चित्रं काढायची. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन झालं. असा मालक भेटायला नशीब लागतं, हे खरंच. पण त्यांना दाखवायला हाताशी काम होतं, आणि ते दंड भरून केलेलं होतं. त्याच सुमारास तुटक्या, उन्हापावसाने झिजलेल्या लाकडी कुंपणाच्या फळ्यांच्या चौकटी तो चित्रांना लावू लागला. ते कुंपण त्याच्या वडिलांचं होतं.

‘द बेंच’ हे चित्र मात्र त्याने जन्मभर विकलं नाही. 2009मध्ये तो गेल्यानंतर त्याच्या पत्नीने ते फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमला दिलं. बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणारे खेळाडू त्यात आहेत. 27 डिसेंबर 1959 रोजी बाल्टिमोरमध्ये अजिंक्यपदाचा सामना पाहून आल्यावर त्याने ते रंगवलं. तोवर तो स्वतः एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता.