वीतभर बैलाची वेसण

श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. कारंज्याजवळच्या आमच्या गावी (१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला, तोवर आम्ही अकोल्याचे) वडील माझ्या लाकडी बैलाचा साज स्वतः करीत. बैल वीतभर, चाकांच्या पाटावर उभा.

साज लहान करणे म्हणजे नुसते माप कमी करणे नव्हे. जाड कापडाची झूल एवढ्याशा पाठीवर पडतच नाही, ताठ उभी राहते. त्यासाठी जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा लागे. कासऱ्याला अंबाडी जाड पडे, म्हणून शिवणाच्या दोऱ्याचे पदर ते मांडीवर वळीत. समीक्षेत ‘तपशिलाचे प्रमाण’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मला तो त्या मांडीवर कळला.

म्होरकी, बाशिंग, घुंगुरमाळ, सारे यथासांग असे. वेसण मात्र नसे. विचारले तर म्हणत, “त्याले कोनतं औत ओढाचं हाय?”

बैलजोडी विकली त्या वर्षीही त्यांनी साज केला. आणि त्याच वर्षी, प्रथमच, तापवलेल्या दाभणाने त्या लाकडी नाकात आरपार भोक पाडून वेसण ओवली. मी कारण विचारले नाही. विचारायला हवे होते.

यंदा मुलीसाठी तोच बैल काढला. नव्या रंगाखाली भोक बुजत आलेले. “बाबा, हे कशाला?” तिने विचारले. तिने औत पाहिलेले नाही. मी दोरा वळत राहिलो. पदर पुन्हा पुन्हा सुटत होते.