भिंतीवरची ओल

मिरजेतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, पश्चिमेकडच्या भिंतीवर, छताला लागून एक डाग आहे. परातीएवढा. उन्हाळ्यात तो फिकट तपकिरी दिसतो. रोहिणीचा पाऊस झाला की गडद होतो, आणि आषाढात तिथं हात लावला तर बोटं ओली होतात. मरहूम अब्बांनी रेल्वेच्या नोकरीतून पै-पै साठवून 1994 साली हा फ्लॅट घेतला. वरच्या गच्चीचं पाणी मुरतं हे दुसऱ्याच पावसाळ्यात कळलं. अब्बांनी दोनदा डांबर मारून घेतलं, एकदा भिंतीला नवा गिलावा केला. डाग दोन वर्षं लपायचा, मग परत यायचा. अम्मी म्हणायची, “हा आपला बिनभाड्याचा भाडेकरू आहे.”

अब्बांच्या मागोमाग दोन वर्षांनी अम्मीही अल्लाहला प्यारी झाली. मी सासरी, शाळेच्या नोकरीत. धाकटा भाऊ पुण्यात. घर बंद पडलं. बंद घराला वाळवी आणि नातेवाइकांच्या सूचना, दोन्ही लवकर लागतात. शेवटी विकायचं ठरलं. वारसाहक्काचा हिशेब सरळ होता: भावाचे दोन हिस्से, माझा एक. भावाला पैशांची निकड होती. त्याचं दुकान दोन वर्षांपासून कर्जावर चाललं होतं. मी मात्र मनात ठरवलं होतं की माझा हिस्सा मुलीच्या शिक्षणाला लावायचा.

फोटो काढायला भावाचा मुलगा आला. माझा हा भाचा पुण्यात घरांचे फोटो काढण्याचंच काम करतो. एजंट लोक त्याला बोलावतात, तो फ्लॅटचे फोटो आणि नकाशा करून देतो. मला वाटलं होतं, येईल आणि मोबाईलवर चार फोटो काढून जाईल. तो आला तो तिकाटणं, टेप आणि चार्जर घेऊन. आल्या आल्या म्हणाला, “फुफी, आधी सगळे दिवे लावा आणि पडदे उघडा.”

मला शिकवायची सवय, पण त्या दिवशी मी विद्यार्थिनी होते. त्यानं कॅमेरा छातीच्या उंचीवर लावला. डोक्याच्या उंचीवरून काढलं तर फरशी जास्त दिसते आणि खोली खुजी वाटते, म्हणाला. एकाच जागेवरून त्यानं तीन फोटो घेतले: एक काळपट, एक मध्यम, एक पांढराफटक. का? तर खिडकीबाहेर कडक ऊन आणि खोलीच्या कोपऱ्यात अंधार. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते एका फोटोत जमत नाही. मग ॲडोबीच्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फोटो एकमेकांवर बसवायचे. काळपटमधून खिडकी घ्यायची, पांढऱ्यामधून कोपरा. याला एचडीआर म्हणतात. नंतर त्यानं तिरक्या दिसणाऱ्या भिंती उभ्या ओळंब्यात आणल्या आणि बल्बचा पिवळेपणा काढला. इथपर्यंत मला काहीच खटकलं नाही. उलट वाटलं, हे तर डोळ्यांना जे दिसतं तेच कागदावर आणणं झालं.

मग त्यानं भिंग बदललं. मोबाईलमध्ये जे अर्धा पट असं लिहिलेलं असतं, तसं रुंद भिंग. आमचा दहा बाय चौदाचा हॉल एकदम शादीखान्यासारखा दिसू लागला. समोरची भिंत लांब गेली, कडेची खुर्ची ताणली गेली. मी म्हटलं, “बेटा, हे आपलं घर नाही.” तो हसला. “फुफी, सगळे असंच काढतात. छोट्या खोलीत साध्या भिंगानं अर्धीच खोली येते.” तेही खरंच होतं. हॉलच्या दारात उभं राहून साध्या मोबाईलनं पाहिलं तर खरोखर एक भिंत आणि अर्धी खिडकी एवढंच येत होतं.

नकाशाचं काम मला सगळ्यात आवडलं. त्याच्या आयफोनमध्ये लायडार नावाचा सेन्सर आहे. 2020 साली आलेल्या 12 प्रो पासून तो आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये मिळतो. तो प्रकाशाचे न दिसणारे किरण फेकतो, ते भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. भाचा फोन धरून भिंतीच्या कडेकडेनं चालत गेला आणि पडद्यावर आमचं घर रेघारेघांनी उभं राहिलं. दारं, खिडक्या, ओटासुद्धा. मॅजिकप्लॅन, क्युबिकासा अशी अनेक ॲप हे काम करतात. पण त्यावर तो पूर्ण विसंबला नाही. प्रत्येक खोलीची एक लांबी आणि एक रुंदी त्यानं टेपनं मोजली. कपाटाच्या मागे, आरशासमोर फोन चुकतो, म्हणाला.

दहा मिनिटांत आकडे आले. हॉल 140 चौरस फूट, झोपायची खोली 110, स्वयंपाकघर 48, न्हाणीघर 24, संडास 12, बोळ 24. बेरीज 358. आतल्या भिंतींची जाडी धरून कार्पेट एरिया झाला साधारण 375 चौरस फूट. मी अब्बांची कागदपत्रं काढली. करारनाम्यात 520! त्यात बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि जिन्यातला हिस्साही धरलेला होता. तीस वर्षं आम्ही समजत होतो की आपण पाचशे वीस फुटांत राहतो.

आणि ते 48. सहा बाय आठ. अम्मीनं उभा जन्म तिथं काढला, रमजानमध्ये पंधरा-पंधरा माणसांची इफ्तारी तिथंच केली. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. फोटोत ते स्वयंपाकघर ऐसपैस दिसत होतं. फोटो घर मोठं करतो, नकाशा त्याला जागेवर आणतो. म्हणून घर बघताना आधी नकाशा मागावा, हे मी त्या दिवशी शिकले. रेरा कायद्यानं, म्हणजे 2016 च्या कायद्यानं, बिल्डरला फ्लॅट कार्पेट एरियावर सांगणं बंधनकारक केलं आहे. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि गच्ची धरत नाहीत. जुन्या घरांच्या कागदांवर मात्र अजून जुनेच आकडे आहेत.

रात्री भाच्यानं तयार फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. रिकाम्या हॉलमध्ये राखाडी सोफा, गालिचा, कोपऱ्यात कुंडी. सगळं संगणकानं बसवलेलं. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची टाकी होती, तिथं निळंशार आभाळ. असं आभाळ बदलायची सोय फोटोशॉपमध्ये 2020 पासून एका क्लिकवर आहे. आणि पश्चिमेची भिंत स्वच्छ, पांढरी, दुधासारखी. डाग गायब.

मी विचारलं, “डाग कुठं गेला?”

“पुसला फुफी. बोटानं घासलं की जातो.”

अब्बांना तीस वर्षांत जे जमलं नाही ते पोरानं बोटानं घासून केलं होतं.

सकाळी मी भावाला फोन केला. त्यानं तोवर फोटो एजंटकडे पाठवून दिले होते. दोन दिवसांत पाच चौकश्या आल्या. त्यातला एक माणूस कुवेतला नोकरीला. बायको आणि आई इचलकरंजीत भाड्यानं राहणाऱ्या. त्यानं फोटो पाहून भाव मान्य केला आणि बयाणा पाठवायची तयारी दाखवली. मी भावाला म्हटलं, त्याला ओलीचं सांगू या. भाऊ म्हणाला, “आपा, तुला बाजार कळत नाही. घर बघायला येतील तेव्हा डाग भिंतीवर आहेच की. आपण कुठं लपवला? आणि रंग दिला असता तर तू काही बोलली असतीस का?”

या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. खरंच, घर विकताना चुना मारतोच की आपण. मग फोटोत मारला तर काय बिघडलं? रात्रभर मी याच विचारात होते. शेवटी मला फरक सापडला तो असा. चुना मारला तरी येणारा माणूस भिंतीला हात लावू शकतो, शेजाऱ्याला विचारू शकतो. कुवेतला बसलेल्या माणसाकडे हात नाही. त्याच्याकडे फक्त आमचा फोटो आहे. त्याचे डोळे आम्हीच होतो.

लहानपणापासून ऐकलेली हदीस आठवली. रसूलुल्लाह (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. व्यापारी सांगतो, पावसानं भिजलं. तेव्हा आपण विचारतात की मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलं. मी ही हदीस वर्गात कितीदा सांगितली असेल. पण त्यातली ओल कधी माझ्या घरची नव्हती.

आमच्या नात्यातल्या एका मौलानांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. न पाहता विकत घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहमध्ये आहे, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. आणि घराच्या बाबतीत ‘पाहणं’ म्हणजे काय यावरही जुन्या फकीहांनी विचार केला आहे. आधी अंगण पाहिलं तरी घर पाहिलं असं धरत, कारण तेव्हाची घरं एकसारखी असत. इमाम जुफर यांचं म्हणणं मात्र असं होतं की आतल्या खोल्या पाहिल्याशिवाय घर पाहिलं असं होत नाही. पुढे घरं वेगवेगळी बांधली जाऊ लागली तसं नंतरच्या आलिमांनी हेच मत उचलून धरलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचाच प्रश्न सोडवून ठेवला होता! देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्यावर बंधन आहे: स्वतःला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष त्यानं सांगायला हवा.

पण मला अडवत होती ती दुसरीच गोष्ट. माझ्या सचोटीची किंमत भाऊ मोजणार होता. भाव कमी झाला तर तीनातले दोन भाग त्याचे जाणार. दुसऱ्याच्या खिशातून खरं बोलणं सोपं असतं. म्हणून मी त्याला म्हटलं, “जी तूट येईल ती माझ्या हिश्श्यातून कापा.” तो काही बोलला नाही. फोन ठेवला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “फुफी, अब्बू म्हणतात मूळ फोटो पाठव. डागाचा जवळून एक वेगळा काढलाय का?” त्यानं काढला होता. पुसण्याआधीचे सगळे फोटो त्याच्याकडे जपलेले होते. ते फोटो, मोजमापांचा नकाशा आणि दारापासून गॅलरीपर्यंत न थांबवता काढलेला एक व्हिडिओ कुवेतला गेला. सोबत मी दोन ओळी लिहिल्या: गच्चीचं पाणी मुरतं, दर पावसाळ्यात मुरतं, सोफा आणि आभाळ खरं नाही.

दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस मला फार जड गेले. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांची आई आणि बायको घर बघायला आल्या. सुनेच्या हातात आमच्या नकाशाची छापील प्रत. तिनं त्यावर पेन्सिलनं कपाट, पलंग, शिलाई मशीन सगळं आधीच मांडून आणलं होतं. सासूनं डागाला हात लावला आणि म्हणाली, “आमच्या भाड्याच्या घरात याहून मोठा आहे. मालकानं पाच वर्षांत कबूल नाही केला.”

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज काढला आणि भाव 45 हजारांनी उतरला. रजिस्ट्रेशनच्या दिवशी मी भावाच्या हातात पाकीट ठेवलं. त्यानं ते परत केलं. “तूट पण हिश्श्याप्रमाणंच. तीस माझी, पंधरा तुझी. घर अब्बांचं होतं, ओलसुद्धा अब्बांचीच.” मग दोघंही जिन्यात उभं राहून थोडं हसलो, थोडं रडलो.

भाचा अजूनही तेच काम करतो. रुंद भिंग वापरतो, तीन फोटो एकमेकांवर बसवतो, सोफेही ठेवतो. पण सोफ्याच्या फोटोखाली ‘सामान काल्पनिक’ असं लिहितो आणि शेजारी रिकाम्या खोलीचा फोटो देतो. भिंती पुसायचं काम घेत नाही. दोन एजंट त्यामुळे तुटले. तिसऱ्यानं मात्र परदेशातली गिऱ्हाइकं खास त्याच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

घराचा नकाशा मी माझ्या कपाटात आतून चिकटवला आहे. सहा बाय आठचा तो चौकोन पाहिला की अम्मी आठवते. यंदा मृगाचा पाऊस झाला तेव्हा त्या सुनेनं मला एक फोटो पाठवला. पश्चिमेची भिंत, साध्या मोबाईलनं काढलेली, थोडी तिरकी, पिवळ्या उजेडात. डाग तिथंच होता. खाली तिनं लिहिलं होतं, “आपा, हात लावून बघितला. कोरडा आहे.”