ओलोनची पुळण : प्रवासाची दैनंदिनी, लेखांक तिसरा

सोमवार

नांतहून निघालेली आगगाडी व्हांदे परगण्याची सपाट कुरणे मागे टाकीत दुपारी ले साब्ल-द'ओलोनला पोहोचली, आणि सामान उतारगृहात टाकून मी तडक समुद्राकडे निघालो. येथील दक्षिणाभिमुख, अर्धचंद्राकृती पुळणीला ‘ग्रांद प्लाज’ म्हणतात. तिच्या कडेने बांधलेला ‘रांब्ले’ हा दगडी बांध म्हणजे साऱ्या गावाची सायंकाळची बैठक. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर आठ-दहा वर्षांची मुले आपापल्या होड्यांची शिडे चढवीत होती. एका मुलीला दोराची गाठ साधेना, तेव्हा शिक्षकाने तिच्या हातातला दोर न घेता, ती गाठ तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा सोडवून बांधवून घेतली, आणि तोवर बाकीची मुले कुरकुर न करता वाट पाहत उभी राहिली. दर्यावर्दी घडतात ते असे.

मंगळवार

शहर आणि समोरची ला शोम ही जुनी कोळ्यांची वस्ती यांच्यामधून समुद्राची एक चिंचोळी वाट आत बंदरात शिरते. लहानशा तरीतून ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. पैलतीरी आरुंदेलचा जुना मनोरा बंदरावर पहारा देत उभा आहे. पृथ्वीप्रदक्षिणेला निघणारी ‘व्हांदे ग्लोब’ शर्यतीतील प्रत्येक नौका याच वाटेने बाहेर पडते. एकट्याने, कोठेही न थांबता आणि कोणाचेही साहाय्य न घेता जगाला वळसा घालण्याची ही शर्यत फिलिप जांतो यांनी 1989 साली सुरू केली, आणि 1992 पासून ती दर चार वर्षांनी होते. पहिल्या खेपेस तितुआं लामाझू 109 दिवसांत परतले; 2025 च्या जानेवारीत शार्ली दालँ यांना 65 दिवसही लागले नाहीत.

निघण्याच्या दिवशी पहाटेपासून दोन्ही काठांवर लोकांची रीघ लागते, हे मी ऐकून होतो. परंतु उतारगृहाच्या मालकीणबाईंनी सांगितले ते माझ्या मनाला अधिक भिडले. विजेता परतून कित्येक आठवडे लोटल्यावर, कडाक्याच्या थंडीत मागाहून येणाऱ्यांनाही लोक तितक्याच अगत्याने सामोरे जातात. या नौकांचा तळकणा इतका खोल असतो की ओहोटीच्या वेळी त्यांना आत येता येत नाही. अंतिम रेषा ओलांडलेला थकलाभागला खलाशी बाहेर भरतीची वाट पाहत थांबतो, आणि त्याच्यासाठी गावही थांबते. पराक्रमाचे मोल केवळ क्रमांकाने न करणारी ही नगरी मला फार थोर वाटते.

बुधवार

पोर ओलोना या नौकाबंदरात फिरताना मुंबईची आठवण अपरिहार्य होती. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पुरी केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, 1968-69 मध्ये. आणि त्यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत बांधलेली, अस्सल सागवानाची होती. त्या प्रवासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 साली ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत याच गावातून निघाली, तेव्हा भारताचे अभिलाष टॉमी हे ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीय’ नौकेतून तीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तनौकेने त्यांचे प्राण वाचविले. असा माणूस पुन्हा दर्याचे नाव काढणार नाही, असे कोणासही वाटले असते. पण 2022 साली ते याच वाटेने पुन्हा बाहेर पडले आणि 2023 च्या एप्रिलअखेर दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर.

येथे दिलीप दोंदे यांचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये, मुंबईहून निघून मुंबईसच परतत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, पुढे त्याच नौकेतून अभिलाष यांनी ती न थांबता केली. आपल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत या सफरींना ऐसपैस जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

गुरुवार

सकाळच्या बाजारात कालवे खाऊन आता ला रोशेलला निघालो आहे. नॉक्स-जॉन्स्टन उतरले होते त्या 1968 च्या स्पर्धेत जिंकण्याची संधी हाताशी असताना बेर्नार म्वातेसिए यांनी परतीचा मार्ग सोडून ताहितीचा रस्ता धरला होता. त्यांची ‘जोशुआ’ ही पोलादी नौका ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने जतन केली आहे. पुढील लेखांकात तिच्याविषयी.